एवढं साहित्य कशाला?

पत्र

मी ६१ वर्षांचा, साताऱ्यात राहतो. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली २२ कर्ज विभागात. टेबलापलीकडे बसलेला माणूस पैसे बुडवणार की फेडणार, हे तो खुर्ची कशी ओढतो त्यावरून मी सांगायचो.

आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ६३ जणांचा. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडेसहाला मी त्यावर 'आजचा चिमटा' टाकतो. एक म्हण आणि खाली माझी एक ओळ. विषय तेच : पैसा, मोठेपणा, नातेवाईक. पुण्यातली आणि अमेरिकेतली भाचरं वाट बघत असतात.

जूनमध्ये धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला. गावी त्याची पिठाची गिरणी आहे. 'दादा, पोरीला नर्सिंगला घालायचंय. दोन लाखांचं कसं जमवता येईल ते जरा बघशील का? तुला यातलं कळतं.' मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चिमटा टाकला : 'गरज सरो, वैद्य मरो'. खाली लिहिलं, 'नातेवाइकांना उसने देण्याआधी वैद्यांनी आपला विमा उतरवून घ्यावा.' कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. ३८ जणांचे हसरे चेहरे आले. संध्याकाळी भाऊ ग्रुपमधून बाहेर पडला.

तेव्हापासून फोन नाही. गौरी-गणपतीला गावच्या घरी गेलो, तर वहिनींनी चहा दिला, पण तो गिरणीवरून आलाच नाही. २०११ साली त्याने मोटर जळाली म्हणून माझ्याकडून १५,००० नेले होते. सहा महिन्यांत देतो म्हणाला, १४ महिन्यांनी दिले. माणूस वाईट नाही. २०१७ मध्ये आई दवाखान्यात होती तेव्हा माझं मार्चअखेर चालू होतं, ११ रात्री तोच तिच्यापाशी झोपला. पण व्यवहार वेगळा.

आमची ही म्हणते, 'नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं. एवढं साहित्य कशाला?'

माझे दोन प्रश्न. पूर्वजांनी अनुभवातून म्हणी केल्या, त्या काय खोट्या आहेत? आणि खरं बोललं की माणसं तुटतात, असंच ना?

— सोळा आणे खरं बोलणारा, सातारा

उत्तर

प्रिय 'सोळा आणे',

तुमच्या सहीपासूनच सुरुवात करते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणा हिशेबातून उठला. तरी आपण २५ पैशांच्या नाण्याला चार आणे म्हणतच राहिलो, आणि ३० जून २०११ पासून तेही नाणं चलनातून गेलं. म्हणजे तुम्ही भावाला मोटरीसाठी १५,००० दिलेत त्याच साली. पण 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' काही बंद पडली नाही. दमडी तर पैशाच्याही खालची. ती आपण दोघांनीही हातात घेतलेली नसणार. तरी 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' अशा जातीचा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत सापडतो, आणि बहुतेक वेळा खजिनदार तोच असतो.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : म्हणी खोट्या नाहीत. फक्त 'पूर्वजांनी केल्या' असं म्हणून तुम्ही त्यांना जरा जास्तच उंच पाटावर बसवता. माझा आपला अंदाज असा, की यातल्या निम्म्याअधिक म्हणी कुणीतरी चिडून, पारावर किंवा चुलीपाशी, काल कुणी कसं फसवलं ते सांगताना बोलून गेलं असेल. बोलणं नेमकं होतं, वर यमक जुळलं, म्हणून ते उरलं. यमकाचा वाटा विसरू नका. 'काम झालं की लोक औषध देणाऱ्याला विसरतात' असं कुणी म्हटलं असतं तर ते संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नसतं. 'सरो' आणि 'मरो' जुळलं, आणि आपण पिढ्यानपिढ्या मान डोलावतो आहोत.

शिवाय तुम्ही कर्ज विभागातले, म्हणून एक विचारते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं एरवी सांगणारी आजीच नातीच्या लग्नात 'हौसेला मोल नाही' म्हणते की नाही? 'दाम करी काम' असं हॉटेलात टेबलावर हात आपटून सांगणारा माणूस बिल दुसऱ्याने भरायचं ठरलं की 'पैसा काय हो, हाताचा मळ' म्हणतो. दोन्ही म्हणी खऱ्याच. त्यातली कुठली केव्हा बाहेर काढायची हे बोलणारा ठरवतो, आणि तिथे त्याचा स्वभाव दिसतो. म्हण बिचारी कुणाच्याही तोंडी जाते. त्यामुळे 'म्हण खरी आहे' एवढं म्हणून तुमची सुटका होत नाही. त्या सकाळी साडेसहाला शेकडो खऱ्या म्हणी हाताशी असताना तुम्ही तीच का उचललीत, असा प्रश्न आहे.

आता त्या म्हणीकडेच येते, कारण तुमचं पत्र वाचताना मी तिथे थांबले आणि चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

'गरज सरो, वैद्य मरो' ही कृतघ्नपणाची म्हण आहे. आधी गरज असते, मग वैद्य ती भागवतो, मग गरज संपते आणि वैद्य डोळ्यांपुढे नकोसा होतो. एवढ्या पायऱ्या झाल्यावरच ती लागू पडते. तुमच्या बाबतीत भावाची गरज सरली कुठे होती? ती तर मेसेजमध्ये नुकतीच उगवली होती. तुम्ही औषध दिलं नव्हतं, नाडीसुद्धा पाहिली नव्हती. पेशंट दारात उभा असताना आतूनच 'वैद्य मेला' म्हणून ओरडणारा वैद्य माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पण ही छोटी चूक झाली. मोठी पुढे आहे, आणि तीही तुमच्याच पत्रात लिहिलेली आहे. 'पण व्यवहार वेगळा' या तीन शब्दांच्या आधी.

२०१७ चा मार्च. गरज कुणाची होती? तुमची. आई तुमची, मार्चअखेर तुमचं. दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर ११ रात्री काढल्या कुणी? रात्री दोनला सलाईन संपलं म्हणून नर्सला उठवायला कोण गेलं असेल? सकाळी गावी जाऊन गिरणी उघडायची आणि रात्री परत यायचं, हेही असणारच. तुम्ही लिहिलेलं नाही, पण दळण घेऊन आलेली माणसं मार्चअखेर म्हणून थांबत नाहीत. मग तुमची गरज सरली. वर्षं गेली. आणि जूनमधल्या एका सकाळी तुम्ही त्या वैद्याला ६३ माणसांदेखत मारलंत.

म्हण सोळा आणे खरी निघाली, दादा. फक्त त्यात वैद्य कोण होता हे तुमच्या लक्षात आलं नाही. त्याच्या मात्र आलं असावं. माणूस नुसत्या पैशाच्या नकारावरून ग्रुप सोडत नाही.

आता खतावणीचं बघू, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते. हप्ता ९० दिवस थकला की बँक खातं अनुत्पादित धरते. त्या हिशेबाने भावाचे १५,००० आठ महिने लांबले, म्हणजे खातं बुडीतच निघालं म्हणायचं. तेरा-चौदा वर्षं झाली तरी ती नोंद तुम्हाला महिन्यासकट आठवते. ११ रात्रीही आठवतात, हे तुमच्या बाजूने सांगायला हवं. पण एक रक्कम तुम्ही नावे टाकलीत आणि दुसरी जमेला धरलीच नाहीत, 'माणूस वाईट नाही' अशा शेऱ्यात ती उडवून टाकलीत. लेखापरीक्षक आला असता तर त्याने लाल पेन काढलं असतं. ११ रात्रींचा दर काय, ते मी लावत नाही, तुम्हीही लावू नका. पण एकाच कुटुंबातल्या दोन नोंदी दोन वेगळ्या वह्यांत गेल्या, एवढं पाहून ठेवा.

माणूस खुर्ची कशी ओढतो त्यावरून ओळखता, याला आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणतात. भाताच्या बाबतीत ती पद्धत चालते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतात. माणसाचं तसं नसतं. एकच माणूस पैशाच्या बाबतीत कच्चा आणि आजारपणात पक्का असू शकतो. कर्जदाराची पत मोजणारा सिबिलचा आकडा ३०० ते ९०० च्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि त्यात उशाशी बसलेल्या रात्रींसाठी रकाना नाही. बँकेला तो नसला तरी चालतो. तुम्ही निवृत्त झालात, आता तो स्वतःच्या हाताने आखायला हरकत नाही.

पुढची गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. त्याचा मेसेज पुन्हा उघडा. 'दोन लाख दे' असं त्यात कुठे आहे? 'कसं जमवता येईल ते जरा बघशील का? तुला यातलं कळतं.' असं आहे. मी हे वाक्य तीनदा वाचलं. त्याच्या मनात 'दादा देईल' हेही असेल, नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आपल्याकडे पैसे मागताना माणूस सरळ मागत नाही, आडून येतो. पण शब्द मात्र सल्ल्याचे आहेत. २२ वर्षं कर्ज विभागात काढलेल्या थोरल्या भावाला त्याने विचारलं, की हे कसं करतात. आणि तुम्हाला ते खिशात घातलेल्या हातासारखं वाटलं. ज्याला रोज पैसे मागणारी माणसं भेटतात त्याला प्रत्येक चेहरा अर्जासारखा दिसायला लागतो. हा तुमचा दोष नाही, तुमच्या धंद्याचा आहे. शिंप्याला नाही का, समोरच्याचा चेहरा दिसायच्या आधी उसवलेली बाही दिसते?

आणि यातलं तुम्हाला खरंच कळतं. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत बँकांनी तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कासाराला बांगड्या विकणं. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, हे त्या गिरणीवाल्याला ठाऊक असेल का? २०१५ पासून विद्यालक्ष्मी पोर्टल आहे, एका अर्जावर अनेक बँकांकडे जाता येतं. शिवाय राज्य सरकारने २०२४ पासून, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांसाठी शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. तुमची पुतणी आणि तिचं कॉलेज त्यात बसतात का, हे कागद हातात घेऊन पाहण्याचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. तुमच्या खिशातून एक पैसा न जाता दोन लाखांचे कदाचित साठ हजार झाले असते. आता कॉलेजं सुरू होऊन गेली. त्याने काय केलं असेल देव जाणे. महिना तीन टक्क्याने कुणा सावकाराकडून उचलले नसतील, अशी आशा करू.

तुमच्या सौभाग्यवतींचं वाक्य या पत्रातलं सर्वांत शहाणं वाक्य आहे. म्हणूनच मी ते मथळ्यात घातलं, त्यांना दाखवा. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द टाळण्यासाठी तुम्ही म्हण शोधलीत, खाली विनोद रचलात, सकाळपर्यंत वाट पाहिलीत. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' आपण मागणाऱ्याबद्दल म्हणतो. इथे मागणाऱ्याने भांडं उघड पुढे धरलं होतं. लपवलं ते ज्याच्या घरी डेरा होता त्याने.

ताकावरून आठवलं. माझी आत्या चिपळूणजवळच्या एका गावात राहायची. दोन म्हशी, घुसळखांबाला बांधलेली रवी, आणि सकाळी आठपासून मागच्या दारी लोटे घेऊन आलेली आळी. ताक विकायचं नसतं, असा तेव्हाचा रिवाज. पायरीवर कुणी दिसलं की आत्या आतूनच मोठ्याने म्हणायची, 'आल्या गं, ताकापुरती आजी म्हणायला!' आणि म्हणता म्हणताच लोटा गळ्यापर्यंत भरायची. कुणी पोटुशी असली तर लोण्याचा एक गोळा न बोलता आत सोडायची. ऐकणाऱ्या बायका हसत. 'आजी नाही, पणजी म्हणतो, पण जरा दाट वाढा' असं एकीने दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. 'कामापुरता मामा, ताकापुरती आजी' ही तुमच्या चिमट्याइतकीच तिखट म्हण आहे. पण आत्याच्या हातात ओगराळं होतं. तोंड आणि हात एकाच वेळी चालत होते. तुमच्या साडेसहाच्या मेसेजमागे हात नव्हता.

आणखी एक. पैशाबद्दल इतकं कडू बोलणं आपल्या परंपरेत दुसरं नसेल, असं एक वाक्य महाभारतात आहे : 'अर्थस्य पुरुषो दासः'. माणूस पैशाचा गुलाम, पैसा कुणाचाच गुलाम नाही. लोक हे वाक्य दुसऱ्यावर फेकतात : पुढारी पक्ष बदलतो तेव्हा, जावई सासऱ्याचं ऐकतो तेव्हा. पण ते म्हणणारे भीष्म आहेत, युद्ध सुरू होण्याआधी, आशीर्वाद मागायला आलेल्या धर्मराजासमोर. आणि पुढच्याच ओळीत ते म्हणतात, कौरवांनी मला पैशाने बांधून ठेवलं आहे. मला. तो म्हातारा समोरच्यापुढे स्वतःचा दोर दाखवतो आहे. अशी वाक्यं स्वतःवर घेतली की ऐकणारा गप्प होतो. दुसऱ्यावर टाकली की ऐकणारे हसतात, आणि एक जण ग्रुप सोडतो.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. खरं बोललं की माणसं तुटतात का? तुटतात कधी कधी. पण तुम्ही खरं बोललाच नाहीत. खरं काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. 'मला द्यायचे नाहीत' हे असेल. 'मागच्या वेळी लांबले, म्हणून धास्ती वाटते' हे असेल. 'पेन्शन नाही, होतं ते ठेवीत टाकलंय, व्याजावर घर चालतं' हेही असू शकेल. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्यांची ही गोष्ट नवी नाही. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हण आपण गरिबावर वापरतो. पण बँकेत साहेब म्हणून ३४ वर्षं वावरलेल्या माणसाला भावापुढे 'माझ्याकडे एवढे नाहीत' म्हणणं किती जड जातं, ते मला कळतं. माझे वडील मुख्याध्यापक होते. उसने मागायला कुणी आलं की ते आधी शिस्तीवर भाषण द्यायचे. आम्हाला पुढे कळलं, की त्यांचा खिसा रिकामा असायचा तेव्हाच भाषण लांबायचं.

ग्रीसमध्ये डायोजिनिस नावाचा एक तिरसट तत्त्वज्ञ होऊन गेला, जगभरच्या तिरकस बोलणाऱ्यांचा मूळ पुरुषच म्हणा. त्याचे वडील तुमच्यासारखेच पैशाच्या व्यवहारातले, आणि नाण्यांत खोट केल्याच्या भानगडीवरून त्याला गाव सोडावं लागलं असं सांगतात. तो एकदा दगडी पुतळ्यापुढे हात पसरून भीक मागत उभा होता. कशाला, असं विचारलं तर म्हणाला, नकार ऐकण्याचा सराव करतोय. आपल्या घरांत हा सराव कुणालाच नाही. ना ऐकण्याचा, ना देण्याचा. म्हणून नकार म्हणीत गुंडाळून येतो आणि लागतो जास्त.

तेव्हा नकार द्यायचाच असेल तर असा द्या : 'दोन लाख मला झेपणार नाहीत. चाळीस हजार देऊ शकतो, ते परत नाही आले तरी मी विचारणार नाही. बाकीच्याचं कर्ज आपण मिळून बघू.' आकडा तुमचा तुम्ही ठरवा, शून्यही चालेल, पण आकडा सांगा. उसने म्हणून देणार असाल तर खात्यातून खात्यात द्या. वीस हजार आणि त्यावर रोखीने उसने घेता येत नाहीत, हे तुम्ही इतरांना सांगत आलाच असाल. तारखेची चिठ्ठी करा. घरात चिठ्ठी कशाला, असं वहिनी म्हणतील. त्या १५,००० ची चिठ्ठी असती तर सहा महिने की चौदा, हे ओझं तुम्ही इतकी वर्षं वाहिलं नसतंत.

राहता राहिले ते ३८ हसरे चेहरे.

त्यांची मजा मला कळते. सदर लिहिणारीला कळणारच. माझीही भाकरी त्याच पिठाची. नोकरी सुटल्यावर सकाळी साडेसहाला आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, ही छोटी गोष्ट नाही. पण प्रसिद्धीवरचा तो संस्कृत श्लोक शाळेत ऐकला असेलच : मडकी फोडा, कपडे फाडा, गाढवावर बसून फिरा, 'येन केन प्रकारेण' माणसाने प्रसिद्ध व्हावं. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा मोबाइल नव्हता, तरी सगळं कसं बरोबर दिसलं त्याला. तुम्ही गाढवावर बसला नाहीत. भावाला बसवलंत.

'असतील शिते तर जमतील भुते' हीही तुम्ही कधीतरी टाकली असणारच, नातेवाइकांना उद्देशून. तिच्यात शितं टाकणारा कोण असतो, याकडे कुणी बघत नाही. तुमच्या ग्रुपवर रोज सकाळी दहीभात ठेवणारे तुम्ही. त्या अडतीस जणांपैकी, भाऊ बाहेर पडल्यावर, 'दादा, काय झालं?' असं विचारणारा एक तरी फोन आला का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. आला असता तर लिहिलं असतं.

चिमटा बंद करा असं मी सांगणार नाही. तुम्हाला ते जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो विम्याचा विनोद चांगला होता. एक महिनाभर चिमटा स्वतःला काढून बघा. 'बडा घर, पोकळ वासा' टाका आणि खाली बँकेतल्या साहेबाच्या ठेवीच्या व्याजाबद्दल लिहा. 'नाचता येईना, अंगण वाकडं' टाका आणि खाली तुमच्या गुडघ्याबद्दल. हसणारे कमी झाले तर ते का जमत होते ते कळेल. मात्र ग्रुपवर भावाची माफी मागू नका. तिलाही ३८ हात जोडलेले येतील, आणि त्याला तेही कुणीतरी पाठवेलच.

त्याच्याकडे जायचं तर घरी नको, गिरणीवर जा. घरी वहिनी चहा ठेवतील आणि तुम्ही पुन्हा पाहुणे व्हाल. सणाचा दिवस नको, आणि बाजाराचा वारही नको, त्या दिवशी रांग मोठी असते. पाच किलो ज्वारी पिशवीत घ्या आणि इतरांच्या मागे रांगेत उभे राहा. चक्की चालू असताना बोलायला जाऊ नका. त्या आवाजात 'चुकलो' म्हटलेलं 'चाललो' ऐकू येतं. तुमचा नंबर लागेल तेव्हा तो मान वर करून बघेलच. पोरीचं नाव घेऊन विचारा, प्रवेश झाला का, फी किती भरली, किती राहिली, पैसे कुणाकडून उचलले आणि काय व्याजाने. कागद आणायला सांगा. चष्मा विसरू नका. दवाखान्यातल्या रात्रींचा विषय तुम्हीच काढा, तो काढणार नाही.

दळणाचे पैसे द्या. तो नको म्हणेल.